पासिंग झालेली जुनी पिकअप डोळे झाकून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांची बोलेरो पिकअप बघितलीये, पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, महिन्यापूर्वीच झालंय, पुढचं थेट दोन वर्षांनी. मालक म्हणतो, आरटीओनेच ओके दिलंय, आता आणखी काय बघायचं? तर या फिटनेसवर कितपत विसंबावं?

पोलिसाने अडवलं तर दाखवायला कागद आहे, एवढ्यापुरतं विसंबा. ब्रेक लागेल का, हे तो कागद सांगत नाही.

मी नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेतो, अकरा वर्षं झाली. दुसरी गाडी घेतली ती जुनी, दीड टनी पिकअप. पासिंग तीन आठवड्यांचं. रिकामी चालवून बघितली, ब्रेक असा लागायचा की पुढे कपाळ आपटावं. घेतली. पहिल्याच खेपेला वीस-बावीस किलोचे ६५ क्रेट भरले आणि माळशेज उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पेडल खाली जाऊ लागलं आणि ब्रेकचे लाइनर जळाल्याचा वास. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, हँडब्रेकला हात लावून कसाबसा मोरोशीपर्यंत आलो. उतरून चाकांजवळ हात नेला. पुढची दोन्ही चाकं तव्यासारखी तापलेली. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक-ड्रम मात्र गार, जणू गाडी रात्रभर उभीच होती.

मेकॅनिकने ड्रम उघडला तर अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलेलं, लाइनर तेलात भिजलेले. उजव्या बाजूचा ब्रेकचा सिलिंडर पण पाझरत होता. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी पास झालेली गाडी पुढच्या दोन चाकांवरच थांबत होती. रिकाम्या गाडीला तेवढं पुरतं. पिकअपचा मागचा भाग रिकामा असला की हलका असतो, थांबवायचं काम बहुतेक पुढचेच ब्रेक करतात. आणि पासिंगला गाडी रिकामीच नेतात. सगळी गोम तिथे आहे.

त्यात त्या गाडीला आधीच्या मालकाने मागे स्प्रिंगचे दोन जादा पाटे घातले होते. विकताना त्याने हेच कौतुकाने सांगितलं होतं: 'कितीही भरा, बसत नाही.' बऱ्याच पिकअपमध्ये चेसिस आणि मागचा अ‍ॅक्सल यांच्यामध्ये एक बारीक दांडी असते, तिला जोडलेल्या व्हॉल्व्हला मेकॅनिक एलएसपीव्ही म्हणतात. माल भरून गाडी जेवढी बसेल, तेवढा जोर तो मागच्या ब्रेकला सोडतो. पाटे वाढवले की गाडी बसतच नाही. दांडीला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि मागचा ब्रेक अर्धवटच लागतो. दीड टन अंगावर असताना. तेव्हा पाटे मोजा, आणि ती दांडी जागेवर आहे की तारेने बांधून ठेवलीये ते बघा. तारेने बांधलेल्या मी दोन पाहिल्यात.

इन्स्पेक्टरला दोष द्यायचा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमातली, नियम ६२ ची जुनी यादी काढा: हेडलाइट, रिफ्लेक्टर, आरसे, काचा, हॉर्न, वायपर, सायलेन्सर, धूर, स्पीडोमीटर, स्टिअरिंग, ब्रेक. सकाळी रांगेत उभ्या असलेल्या गाड्या बघता एका गाडीला किती मिनिटं मिळत असतील याचा अंदाज तुम्हीच करा. ब्रेकसाठी गाडी पळवून थांबवून बघायला जागा तरी हवी ना? ज्या कार्यालयाकडे २५० मीटरचा ट्रॅक नाही तिथे पासिंग करू नका, असं २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं. आता मशीनवर तपासणारी केंद्रं येताहेत. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजला जातो, हे चांगलं आहे. तुमच्या गाडीचं पासिंग तिथे झालं असेल तर मालकाकडे टेस्ट रिपोर्ट मागा. डाव्या-उजव्या आकड्यात फार फरक दिसला तर विचारा का.

पासिंगपुरती सजवलेली गाडी ओळखता येते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. मालक म्हणतो 'पासिंगला नवे टाकले', आणि गाडीखाली आत्ता सहा वर्षांचे गुळगुळीत टायर दिसताहेत, तर नवे परत गेले जिथून आले होते तिथे. रेडियमची पट्टी कोरी चकचकीत आणि बाकी हौदा गंजलेला, हे चालतं, सगळेच करतात. पण चेसिसला खालून ताजा काळा रंग दिसला की मला आनंद होत नाही. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ आणि केबिनच्या मागे रंग खरवडून बघा, तडा किंवा वेल्डिंगची जाड शिवण बहुतेक तिथेच सापडते. हे बघायला पासिंगच्या दिवशी गाडीखाली झोपलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दोन वर्षांच्या मुदतीचंही ऐका. आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. तुमची गाडी रोज २०० किलोमीटर चालली तर पुढच्या पासिंगआधी लाखाच्या वर किलोमीटर होतील. तेवढ्यात लाइनरचे किती जोड संपतील?

एम-परिवहनवर नंबर टाकून फिटनेस, टॅक्स, विमा आणि बँकेचा बोजा बघून घ्या. चलनं ई-चलनच्या साइटवर वेगळी बघा. चेसिस नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. बोजा असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा कागद, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

राहिली चाचणी. रिकाम्या गाडीची फेरी मारून काही कळणार नाही हे वर सांगितलंच. सिमेंटच्या गोण्या आणून भरायची पण गरज नाही. मालकाला विचारा, पुढचं भाडं कधी आहे, आणि त्या खेपेला केबिनमध्ये शेजारी बसून जा. चहाचे पैसे तुम्ही द्या. उतारावर त्याच्या पायाकडे बघा, ब्रेक एकदा दाबतो की पंप मारतो. थांबताना गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. खाली उतरलात की लघवीचं निमित्त काढून चारी चाकांजवळून हात फिरवा, टेकवू नका, भाजेल. मागची जोडी सारखी तापलेली हवी. त्यातलं एक गार निघालं तर ड्रम उघडल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नका. आणि सोबत न्यायला तो का-कू करत असेल, तर मी तरी ती गाडी घेणार नाही.