वाचकांचे प्रश्न : मंदिर झालं, पुढे काय?

प्रश्न : आमच्या अंबरनाथच्या सोसायटीला पंचवीस वर्षं होतायत. स्मरणिकेत गावाच्या इतिहासावर लेख लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इथल्या जुन्या शिवमंदिराचं साल एका पुस्तकात 860 आहे, दुसऱ्यात 1060. खरं कुठलं? आणि मंदिर सोडून लिहिण्यासारखं काही आहे का? कमिटीतले म्हणतात, नाही.
— एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)

उत्तर : 1060 लिहा, डोळे मिटून. घोळ शिलालेख वाचण्यात झाला होता. मंदिराच्या उत्तरेकडच्या दाराच्या आत, वरच्या बाजूला तो कोरलेला आहे. झिजलेल्या अक्षरांतून आधी शके 782 असं वाचलं गेलं, नंतर नीट पाहिल्यावर ते 982, म्हणजे इसवी सन 1060, ठरलं. एका आकड्यात दोनशे वर्षं! काम शिलाहार राजा छित्तराजानं सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरं झालं, असं मानतात. पांडवांनी एका रात्रीत बांधलं ही कथाही लेखात घ्या, फक्त कथा म्हणून घ्या. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की डोक्यावर उघडं आभाळ दिसतं. शिखर अपुरं का, या प्रश्नाला लोकांनी स्वतःपुरतं दिलेलं ते उत्तर आहे : उजाडलं आणि काम राहिलं. 1868 साली जे. जे. कलाशाळेची मंडळी इथल्या नक्षीचे साचे काढायला आली होती, हेही एका ओळीत टाका.

आता कमिटीबद्दल. माझं लहानपण विमको नाक्याजवळच्या चाळीत गेलंय, तेव्हा या वाक्याचा मला जरा राग आलाच.

विमको म्हणजे काडेपेटीचा कारखाना. 1922 साली सरकारनं परदेशी काड्यांवरची जकात एका ग्रोसला, म्हणजे 144 पेट्यांना, बारा आण्यांवरून दीड रुपयावर नेली. स्वीडनहून माल आणून विकणं परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीनं इथेच काड्या करायचं ठरवलं. 1923 साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी उभी राहिली, तीच आपली विमको. कारखान्याला लागणारी रेल्वे इथे होतीच. कल्याणहून पळसदरीकडे जाणारी गाडी 1856 पासून याच रुळांवरून धावत होती. म्हणजे आपलं गाव उपनगर झालं ते जकातीच्या एका कलमानं. कुठल्या राजाच्या स्वारीपेक्षा मला ही गोष्ट जास्त रंजक वाटते, पण ती स्मरणिकेत कधी छापून आलेली पाहिली नाही.

वडील काड्या भरायच्या खात्यात होते. घरात घड्याळ होतं, पण आई भोंग्यावर कुकर लावायची. पाळीवरून आलेल्या वडिलांच्या सदऱ्याला ओल्या लाकडाचा आणि मेणाचा वास असायचा. आमच्याकडे देवापुढची काडी दुसऱ्या कुठल्या छापाची कधी चालली नाही. एकदा मामानं दुसरी पेटी आणली, तर वडिलांनी ती उघडून एकेक काडी उजेडात धरली आणि गुल वाकडा बसलाय म्हणून परत ठेवून दिली! आता तिथे काड्या होत नाहीत, पण रिक्षावाल्याला ‘विमको नाका’ म्हटलं की तो बरोबर पोचवतो.

दारूगोळा कारखान्याचं आणि एमआयडीसीचं थोडक्यात लिहा, तिथले लोक तुमच्या इमारतीतच सापडतील. कारभाराचं मात्र विसरू नका. 1983 साली आपल्याला कल्याण महापालिकेत घातलं आणि 1992 साली बाहेर काढलं. त्या काळातल्या घरपट्टीच्या पावत्या कुणाकडे असतील तर मागून घ्या. पावतीवर वर कुणाचं नाव छापलंय ते दोन वेगवेगळ्या सालांत शेजारी शेजारी ठेवून फोटो काढलात, तर पानभर मजकूर वाचेल.

आणि लिहायला बसण्याआधी उत्तर दारात जाऊन या. टॉर्च न्या, आत काळोख असतो. मान वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं. पुजारी विचारतील काय हरवलंय, तर सांगा, दोनशे वर्षं.