व्हर्च्युअल मशीनमध्ये कॉपी केलेलं बाहेर पेस्ट का होत नाही?
केव्हीएममधलं (लिनक्सवर संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारी सोय) विंडोज व्हर्ट-व्ह्यूअरमध्ये (त्या मशीनचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलंय आणि कॉपी-पेस्ट अडलंय, असंच ना? आधी मशीन बंद करून तिच्या हार्डवेअरच्या यादीत डिस्प्ले, म्हणजे पडदा दाखवायची पद्धत, कोणती आहे ते बघा. व्हीएनसी असेल तर स्पाइस करा. मग विंडोजच्या आत स्पाइस गेस्ट टूल्स टाका (आत लिनक्स असेल तर स्पाइस-व्हीडीएजंट). कॉपी केलेलं आत-बाहेर पोचवणारा हा निरोप्या आतच बसलेला हवा, बाहेर काहीही टाकून उपयोग नाही. हार्डवेअरच्या यादीत स्पाइसचा चॅनेलही (निरोप्याची ये-जा करायची वाट) हवाच. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर याच चॅनेलपायी माझी अख्खी दुपार गेली, तोवर दिवाणजी आकडे वहीत उतरवून परत टाइप करत होते! रिमोट डेस्कटॉपने जोडत असाल तर मात्र आतल्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप (रिमोट डेस्कटॉपचं कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्रॅम) बंद करून पुन्हा चालू करा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.