हिकारीगोके: चमकतं की चकाकतं?

प्रश्न असा आहे: एका जपानी कथेच्या अनुवादात गुहेतल्या ‘हिकारीगोके’साठी ‘स्वयंप्रकाशी शेवाळ’ असा शब्द योजला आहे. तो चालेल का? आणि मुळात ‘शेवाळ’ म्हणावं की ‘हरिता’, म्हणजे मॉसचं शास्त्रीय मराठी नाव?

‘स्वयंप्रकाशी’ काढून टाका. शब्द देखणा आहे, पण वस्तुस्थितीच्या नेमका उलट. या शेवाळाला स्वतःचा प्रकाश नाही. गुहेच्या तोंडातून जो थोडाफार उजेड आत येतो, त्यातलाच काही ते परत पाठवतं. तोंडावर कांबळं टाकलं की आतली सोनेरी चकाकी गायब.

जपानी नाव याबाबतीत काहीच बोलत नाही. ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश, ‘कोके’ म्हणजे शेवाळ. समासात ‘कोके’चं ‘गोके’ होतं. आपल्याकडे दिक् + अंबर जोडताना क चा ग होतो. नियम वेगळा आहे, पण लक्षात ठेवायला बरा. प्रकाश कुणाचा, हे त्या नावात नाही. मराठीत क्रियापद किंवा विशेषण निवडलं की मात्र बाजू घ्यावीच लागते, आणि घोळ तिथे होतो.

वीज चमकते, काजवे चमकतात, तारे चमकतात. भांडीही चमकतात. म्हणजे ‘चमकणे’ दोन्हीकडे चालतं. ‘चकाकणे’ तसं नाही. चिंच लावून घासलेला तांब्या चकाकतो, पॉलिश केलेला बूट चकाकतो, टक्कल चकाकतं. काजवा चकाकला असं कुणी म्हणत नाही. बाहेरून पडलेला उजेड परतवणाऱ्या वस्तूलाच आपण हे क्रियापद लावतो. म्हणून ‘चकाकतं शेवाळ’ हे नाव मला सर्वांत जवळचं वाटतं. त्यातली एक अडचण मान्य करायला हवी: चकाकण्यात कडक, गुळगुळीत पृष्ठभाग अपेक्षित असतो आणि हे शेवाळ मंद, मऊ दिसतं. पण अडचण पोताची आहे, अर्थाची नाही. ‘मंद’ हे विशेषण जोडलं की भागतं.

‘परप्रकाशी शेवाळ’ शास्त्राच्या दृष्टीनं बिनचूक आहे. चंद्राला आपण परप्रकाशी म्हणतोच. पण हा शब्द माणसांना टोमणा म्हणून इतका वापरला गेलाय की वाचकाला त्या बिचाऱ्या शेवाळाची कीव यायची. ‘प्रकाश परावर्तित करणारे शेवाळ’ ही व्याख्या झाली, नाव नव्हे.

खरं तर या शेवाळाचा सख्खा भाऊ आपल्या रस्त्यावर रोज दिसतो: ट्रकच्या मागे आणि सायकलच्या मडगार्डवर लावलेलं ‘रेडियम’. घड्याळाच्या काट्यांना पूर्वी लावायचे ते खरं रेडियम काळोखात आपणहून उजळायचं. गाडीवरची पट्टी मात्र हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत फेकते, आणि तरी दुकानाच्या पाटीवर ‘येथे रेडियम लावून मिळेल’ असंच लिहिलेलं असतं. आपल्या बोलीनं स्वयंप्रकाशी आणि परप्रकाशी यांतला फरक इथे आधीच पुसून टाकलाय. अनुवादकाचा पाय घसरला तर नवल नाही.

आता वाक्यं. ‘मिट्ट काळोखात शेवाळ झळाळत होतं’ हे चूक, कारण मिट्ट काळोखात ते दिसणारच नाही. ‘शेवाळातून प्रकाश बाहेर पडत होता’ हेही नको. ‘गुहेच्या तोंडाशी वाकून आत पाहिलं, तर मातीवर पोपटी-सोनेरी उजेड साकळला होता’ हे बरोबर. पाहणाऱ्याची पाठ उजेडाकडे हवी. तो दोन पावलं बाजूला सरकला तर तीच जागा नुसती ओलसर माती दिसेल. कथेतलं पात्र गुहेच्या आतून बाहेर पाहत असेल तर त्याला चकाकी दिसता कामा नये. मूळ मजकुरात पात्र कुठे उभं आहे ते तपासा.

‘शेवाळाची पानं चकाकत होती’ हेही टाळा. चकाकतो तो पानांचा भाग नव्हे. बीजुक रुजल्यावर आधी बारीक तंतूंचं जाळं पसरतं, त्याला प्रोटोनेमा म्हणतात. त्यातल्या काही पेशी भिंगासारख्या फुगीर असतात. त्या अंधुक उजेड गोळा करून मागच्या बाजूच्या हरितकणांवर टाकतात. हरितकण लाल आणि निळा भाग शोषतात, उरलेला हिरवट भाग आल्या वाटेनं परत जातो. पुढे येणारी पिसासारखी इवली रोपं, जेमतेम सेंटिमीटरभर, ती साधी हिरवीच. शास्त्रीय नाव शिस्टोस्टेगा पेनाटा. त्यातलं ‘पेनाटा’ म्हणजे पिसासारखी.

‘शेवाळ’ की ‘हरिता’? विहिरीच्या पाण्यावरचं, पायरीवरचं बुळबुळीत आणि जांभ्याच्या गडग्यावरची हिरवी मखमल, या सगळ्याला आपण शेवाळच म्हणतो. विज्ञानाच्या मराठीत पहिली शैवलं, शेवटची हरिता. नर्सरीत तिला सरळ ‘मॉस’ म्हणतात. कथेत ‘शेवाळ’ ठेवा. ‘हरिता’ वाचून एखादी मुलगी गुहेत शिरल्यासारखं वाटेल. पाठ्यपुस्तकी लेख असेल तर ‘चकाकती हरिता’. जपानी ‘कोके’ही आपल्या ‘शेवाळ’सारखाच ऐसपैस आहे, त्यात दगडफुलासारख्या गोष्टीही येतात. गोड्या मसाल्यामुळे दगडफूल मात्र आपण वेगळं ओळखतो.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात रात्री ‘चमकणारं शेवाळ’ दिसतं असं वाचलं असेल, तर तो संदर्भ इथे जोडू नका. तिथे कुजक्या लाकडावर मायसिना जातीची बुरशी असते आणि ती खरोखर आपला प्रकाश देते. त्याला जीवदीप्ती म्हणतात. ‘स्वयंप्रकाशी’ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवा. फरक ओळखायला टॉर्च पुरे: लावला की बुरशीची प्रभा मावळते आणि हिकारीगोके असेल तर ते उजळतं.

कथा खऱ्या ठिकाणी घडत असेल तर तळटीप सोपी होते. साइतामा प्रांतातल्या योशिमी इथे टेकडीत कोरलेल्या जुन्या थडग्यांच्या विवरांत हे शेवाळ आहे आणि 1928 पासून ते नैसर्गिक स्मारक म्हणून राखलेलं आहे. लोक गजांबाहेरून वाकून बघतात. टोकियोत एदो किल्ल्याच्या परिसरातल्या जागेला तोच दर्जा 1972 साली मिळाला.

इंग्रजीत याला ‘गॉब्लिनचं सोनं’ म्हणतात, कारण मूठभर उचलून उन्हात आणलं की हातात माती उरते. ते ‘भुताचं सोनं’ म्हणून जपानी कथेत आणू नका. तिथे ते उपरं दिसेल. पहिल्या उल्लेखाला ‘हिकारीगोके, म्हणजे चकाकतं शेवाळ’ असं लिहा, पुढे नुसतं ‘हिकारीगोके’.