तालुक्याला येणारे कल्याण संघटक यायचे बंद झाले, तर गावाने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील सुभेदार म्हणून पेन्शनीत आले. तालुक्याच्या सैनिकी विश्रामगृहात महिन्यातून दोनदा बसणारे कल्याण संघटक, म्हणजे माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या कागदपत्रांत मदत करणारे कर्मचारी, आता येत नाहीत. विचारलं तर "सगळं ऑनलाइन झालंय, नाहीतर जिल्ह्याला या" असं उत्तर मिळतं. त्यात ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिकही हलणार असं कानावर येतंय. मग गावाने करायचं काय?

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार क्लार्क म्हणून घरी आलो. निम्मी नोकरी पार्ट टू ऑर्डरी, म्हणजे जवानांच्या लग्न, मुलंबाळं, रजा यांच्या अधिकृत नोंदी, टाइप करण्यात गेली, त्यामुळे पंचक्रोशीतले फौजी आणि त्यांच्या घरच्या बाया कागदाची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर येतात. तुमच्यासारखीच पाळी आमच्या तालुक्यावर येऊन गेली.

पहिली गोष्ट, तुम्ही सांगताय ती दोन वेगळी दुखणी आहेत. पॉलिक्लिनिक केंद्राचं, संरक्षण मंत्रालयाचं. कल्याण संघटक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे, म्हणजे राज्याचे. त्या खात्याचे संचालक पुण्याला बसतात, आणि खर्चात केंद्राचाही वाटा असतो. आम्ही दोन्ही मागण्यांचं एकच निवेदन तहसीलदारांना दिलं, फोटो काढला, पेपरात छापून आणला. सहा महिने काही हललं नाही. हलणार तरी कसं, तहसीलदारांच्या हातात दोन्हींपैकी काहीच नव्हतं. जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि सैनिक कल्याण अधिकारी सचिव. संघटकांचा विषय त्या मंडळाच्या बैठकीत, विषयपत्रिकेवर यायला हवा. पॉलिक्लिनिकचं पत्र लष्कराच्या स्थानिक स्टेशन हेडक्वार्टरला आणि ईसीएचएसच्या रीजनल सेंटरला जायला हवं. निवेदनं दोन करा, भाषा साधी ठेवा. शहीद, मातृभूमी वगैरे पहिल्या परिच्छेदात आलं की साहेब पुढचं वाचत नाहीत, हे मी क्लार्क म्हणून सांगतो.

आता "ऑनलाइन आहे की" या उत्तराकडे येतो, कारण तुम्हाला तेच खोडायचं आहे.

शेजारच्या वाडीत एक आजी आहेत. नवरा नाईक म्हणून सुटला होता, तो वारला. फॅमिली पेन्शनचं पाहायला गेलो तर लष्कराच्या रेकॉर्डला नाव आनंदी, आधारवर आनंदीबाई, बँकेत आनंदाबाई. स्पर्शची, म्हणजे फौजी पेन्शनची, वेबसाइट या तीन बायका मानते. नातवाने मोबाइलवर चार वेळा अर्ज भरला, चारही वेळा परत. शेवटी आमच्या संघटकांनी, ते स्वतः माजी सैनिक, आजींकडे नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, मागितलं. पेटीच्या तळाला, लग्नाच्या शालूच्या घडीत होतं ते. कुटुंबाच्या पानावर नाव नीट होतं, जन्मतारीख मात्र कोरी. प्रतिज्ञापत्र, आधार, त्या पानाची प्रत आणि वर सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचं पत्र असा गठ्ठा बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला, तेव्हा गाठ सुटली. पुढे नोव्हेंबरात हयातीचा दाखला आला. आयुष्यभर खुरपणी आणि धुणीभांडी केलेल्या बोटांचा ठसा काही मशीन घेईना. चेहऱ्यावरून दाखला होतो हेही संघटकांनीच सांगितलं आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, उजेडाकडे तोंड करून आजींना बसवून करून दिलं.

ऑनलाइनला माझा विरोध नाही, मी स्वतः सगळं मोबाइलवर करतो. पण अर्ज ऑनलाइन गेला तरी पडताळणी माणूसच करतो. केंद्रीय सैनिक बोर्डाच्या मदतीचंच घ्या. ज्यांना पेन्शन नाही असे हवालदारापर्यंतचे ६५ वर्षांपुढचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा, यांना महिना ४,००० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० झाले. मुलीच्या लग्नाची मदत ५०,००० वरून १ लाखावर गेली. हे अर्ज जिल्हा सैनिक कार्यालयामार्फतच पुढे सरकतात. म्हणजे रक्कम दुप्पट झाली, आणि ती ज्याला लागू आहे त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याला दोन एसटी बदलून जिल्ह्याला बोलवायचं. हा मुद्दा निवेदनात आकड्यांसकट घाला.

पण चूक आमचीही होती. संघटक तालुक्याला यायचे तेव्हा तीस-चाळीस जण जमायचे. चहा व्हायचा, जुन्या पोस्टिंगच्या गप्पा व्हायच्या, कामं तोंडी व्हायची. रजिस्टरमध्ये सही कोण करतो? "साहेब, आपली ओळख आहे की" म्हणून उठून जायचं. आमच्याकडच्या संघटकांचे दौरे बंद झाल्यावर मी माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून मागच्या वर्षाची नोंद मागवली. वर्षभरात ४३ भेटी! कागदावर आमची गरज एवढीच. अशा आकड्यावर कुणी दौरा चालू ठेवावा?

म्हणून गावाने आधी नोंदी करायला घ्याव्यात. आम्ही वाड्यावस्त्या वाटून घेतल्या आणि घरोघर वही फिरवली: कोण माजी सैनिक, कोण विधवा, जिल्हा कार्यालयात नोंद आहे का, ओळखपत्र आहे का. पस्तिशी-चाळिशीत सुटून आलेले कितीतरी तरणे गडी नोंदलेलेच नव्हते. पोराच्या शाळेच्या प्रवेशाला किंवा सरकारी भरतीतल्या १५ टक्के जागांसाठी दाखला लागला की मग धावपळ. काही जण सुटून थेट पुण्याला सिक्युरिटीत गेलेले, त्यांना कार्यालय कुठे आहे हेच ठाऊक नाही. वहीत २१२ घरं निघाली. ती यादी ग्रामसभांच्या ठरावांना जोडून मंडळाच्या बैठकीआधी दिली. संघटक परत यायला लागले, दोनदा नाही, महिन्यातून एकदा. तेवढ्यावर आम्ही सध्या गप्प आहोत. खरं म्हणजे गप्प बसायला नको.

पॉलिक्लिनिकच्या बाबतीत कुलपाची वाट पाहू नका. तिथले डॉक्टर, फार्मासिस्ट कंत्राटावर असतात. एक सोडून जातो, जागा भरत नाही, ओपीडी घटते, आणि मग घटलेली ओपीडीच कारण म्हणून पुढे येते. रिक्त जागा आणि महिन्याची ओपीडी, हे दोन आकडे दर तिमाहीला मागवत राहा. औषध मिळालं नाही तर "बाहेरून घ्या" ऐकून परत फिरू नका, तसं लिहून मागा. ओपीडीला वडिलांना घेऊन जाणं शक्य असेल तर साध्या बीपीच्या गोळ्यांसाठीही तिथेच न्या, खाजगीत नको.

आणखी एक, जरा कडू. आमच्या तालुक्यात माजी सैनिकांच्या तीन संघटना आहेत. तीन अध्यक्ष, तीन लेटरहेड. जिल्ह्याला तीन वेगळी निवेदनं गेली की तिथला बाबू तिन्ही एकाच फायलीत घालून मोकळा होतो. अध्यक्षपद तुमच्याकडेच ठेवा म्हणावं, सह्या मात्र एका कागदावर करा.

अग्निवीरांचंही डोक्यात असू द्या. २०२२ च्या योजनेतली पहिली तुकडी चार वर्षं संपवून आता घरी येईल. चौघांतले फार तर एक आत राहणार, बाकीच्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. पंचविशीतली ती पोरं कागद घेऊन कुणाच्या टेबलासमोर उभी राहणार आहेत, हे बैठकीत विचाराच. आमच्याकडे विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत होते.

ते सगळं चालू होईल तेव्हा होईल. आज घरी एवढं करा: वडिलांचं डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढा, आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का बघा. फरक असेल तर अर्ज लिहा, जिल्ह्याला स्वतः घेऊन जा, आणि आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या तालुक्याच्या वहीतली पहिली नोंद तीच.