घर आहे की!

प्रश्न : दिवाळीनंतर कोकणातल्या आमच्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसतात. ही मंडळी एका जागी घर करून का राहत नाहीत?

उत्तर : घर आहे की! आमचं, फलटण तालुक्यात. तिथं सासूबाई असतात. पण आमच्याकडं पाऊस थोडा, दिवाळी सरली की चारा संपतो, म्हणून तुमच्याकडं उतरतो. कोकणातच राहावं, तर पावसाळ्यात चिखलानं मेंढरांचे खूर कुजतात. मग घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या नि कालचं जन्मलेलं कोकरू. रात्रभर कळप बसला की लेंडीखत तुम्हाला, धान्य नाहीतर पैसे आम्हाला. ‘एका जागी राहा’ म्हणणारे रोज भेटतात. चराईचं रान कुठलं, ते कुणी सांगत नाही. पोरांच्या शाळेचं मात्र खरंच दुखणं आहे. थोरल्याला सासूबाईंकडं ठेवलंय. परवा फोनवर त्यानं पहिलं विचारलं, “काळी व्याली का?”