येतं सगळं, मग मार्क जातात कुठे?

प्रश्न: मॅडम, मी बारावी सायन्सला आहे, बोर्डाची. मॅथ्सची गणितं घरी सुटतात, पण कॉलेजच्या प्रिलिमला ८० पैकी ५१च पडले. सगळीकडे अर्धा-एक मार्क कापलाय. दोन गणितांचे फोटो पाठवतेय. नक्की चुकतंय काय?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: अगं, तुला मेथड येते, ते दिसतंय फोटोत. पहिलं गणित, साइन टू थीटा बरोबर कॉस थीटा, जनरल सोल्युशन काढा. तू साइन टू थीटाचा फॉर्म्युला टाकून दोन्हीकडचा कॉस थीटा सरळ उडवलास, साइन थीटा बरोबर अर्धा आलं आणि पुढचं बरोबर केलंस. पण कॉस थीटा शून्य असला तर? शून्याने भागता येत नाही, आणि उत्तरांचा एक अख्खा गट (पाय बाय टू, थ्री पाय बाय टू वगैरे) तिथेच गेला. उडवायचं नाही, सगळं एका बाजूला आणून कॉस थीटा कॉमन काढायचा.

दुसरं, टॅन इन्व्हर्स २ अधिक टॅन इन्व्हर्स ३. तुझं उत्तर मायनस पाय बाय फोर. आता सांग, दोन पॉझिटिव्ह अँगलची बेरीज मायनस येईल का? टॅन इन्व्हर्सच्या बेरजेचा फॉर्म्युला दोघांचा गुणाकार एकपेक्षा कमी असेल तरच तसाच चालतो, इथे गुणाकार ६, म्हणून पाय मिळवायचा, उत्तर थ्री पाय बाय फोर. पुस्तकात ही अट फॉर्म्युल्याच्या शेजारीच असते, पण क्लासच्या चिटोऱ्यावर उतरवताना बहुतेक पोरं ती गाळतात आणि मग बसतात डोकं धरून.

बाकी इंटिग्रेशनमध्ये प्लस सी (शेवटचा कॉन्स्टंट) विसरणं, सब्स्टिट्यूशन केल्यावर लिमिट जुनीच ठेवणं, हे तुझं तुलाच दिसेल. एरियाला मात्र आधी कच्ची आकृती काढच, साइनचा कर्व्ह आणि एक्स-अक्ष यांच्यामधला शून्य ते टू पाय एरिया ४ येतो, नुसतं इंटिग्रेट केलंस तर शून्य.

आणि एमसीक्यू! आठ प्रश्न, १६ मार्क, पहिलंच उत्तर तपासतात, त्यामुळे आधी रफ करून बघ, मगच ऑप्शनचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिही.

नवीन प्रश्नसंच सध्या आणू नकोस. हाच पेपर परत सोडव, आणि जिथे भागलंस किंवा वर्गमूळ काढलंस तिथे समासात अट लिहीत जा.