गणित ही भौतिकशास्त्राची नुसती भाषा आहे का?

तुम्ही विचारलंय: 'न्यूटनच्या काळात गणित आणि भौतिकशास्त्र हातात हात घालून चालत होते हे कळतं. पण आजचं गणित इतकं अमूर्त झालंय की मूलभूत भौतिकशास्त्राशी त्याचा खरंच काही संबंध उरलाय का? की गणित म्हणजे भौतिकशास्त्रज्ञांची फक्त भाषा? मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे दोन्हींपैकी काय घ्यावं कळत नाही.'

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि गेली बरीच वर्षं बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवतोय, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे. संबंध उरलाय, आणि गेल्या पन्नास वर्षांत तो फार घट्ट झालाय. 'भाषा' हा शब्द मात्र मला तोकडा वाटतो. बोलणाऱ्याला जे ठाऊक नाही ते भाषा त्याला सांगत नाही. गणिताने भौतिकशास्त्राला असं पुष्कळ सांगितलंय, आणि भौतिकशास्त्राने गणितालाही.

आधी एक करून बघा. घरातला प्लास्टिकचा चेंडू घ्या. वरच्या टोकाला उत्तर ध्रुवाची खूण करा, मधोमध विषुववृत्त काढा. काडेपेटीतली एक काडी ध्रुवावर आडवी टेकवा आणि गुलाच्या रोखाने, काडी अजिबात न वळवता, सरळ विषुववृत्तापर्यंत सरकवत न्या. गुल दक्षिणेकडे आहे. तशीच, न वळवता, विषुववृत्तावरून पाव फेरी न्या. गुल अजूनही दक्षिणेकडेच. आता तिथून सरळ वर ध्रुवावर आणा. काडी निघाली होती तिथेच परत आली, पण चक्क ९० अंशांनी फिरून. तुम्ही ती एकदाही वळवली नाहीत. तिला वळवलं ते चेंडूच्या गोलाईने.

शेजारच्या बिंदूवर जाताना 'न वळवता' म्हणजे नेमकं कसं, हे ठरवणाऱ्या नियमाला भूमितीत कनेक्शन म्हणतात. फेरी पुरी झाल्यावर जो फरक उरतो, तो वक्रतेचा. लेव्ही-चिव्हिटा यांनी १९१७ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९५० च्या आसपास एहरेसमान, चर्न वगैरे गणितज्ञांनी ती फार लांब नेली. काडीच कशाला हवी? प्रत्येक बिंदूला कुठलीही एक 'आतली जागा' चिकटवा आणि एका बिंदूवरच्या जागेतून दुसऱ्या बिंदूवरच्या जागेत कसं जायचं त्याचा नियम द्या. अशा रचनेला फायबर बंडल म्हणतात. हे घडवताना त्यांच्या डोळ्यांसमोर इलेक्ट्रॉन नव्हता.

आता इलेक्ट्रॉनकडे या. मला वर्गात शिकवलं गेलं की वेक्टर पोटेन्शियल (ज्या राशीवरून चुंबकीय क्षेत्र काढतात ती) ही हिशेबाची सोय आहे, खरं असतं ते चुंबकीय क्षेत्र. पेपरात तसं लिहून मी मार्कही घेतले. पण ते खरं नाही, आणि हे मला फार उशिरा कळलं याचं आजही वाईट वाटतं. इलेक्ट्रॉनच्या तरंगाला प्रत्येक बिंदूवर फेज असते. घड्याळाचा काटा समजा. इथला काटा आणि हातभर पलीकडचा काटा यांची तुलना करायची तर इथला काटा तिथवर न्यायचा कसा, याचा नियम लागतो. तो नियम म्हणजेच पोटेन्शियल. एक छोटी फेरी मारून आल्यावर काटा जेवढा फिरलेला सापडतो, ते त्या फेरीच्या आतलं चुंबकीय क्षेत्र. थोडक्यात, पोटेन्शियल हे कनेक्शन आणि क्षेत्र ही वक्रता. आहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये दाखवलं की इलेक्ट्रॉनच्या वाटेवर चुंबकीय क्षेत्र शून्य असलं, पण त्या वाटांनी वेढलेल्या भागात ते असलं, तरी काटा फिरतो. १९८६ मध्ये जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी कडीच्या आकाराचा चुंबक अतिवाहक धातूने मढवून, क्षेत्र बाहेर गळणार नाही असा बंदोबस्त करून ते पडताळून दाखवलं. हिशेबाची नुसती सोय असती तर इलेक्ट्रॉनचे तरंग एकमेकांत मिसळून प्रयोगात जे पट्टे उमटतात, ते सरकले नसते.

१९५४ मध्ये यांग आणि मिल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी घड्याळाच्या काट्याऐवजी जास्त गुंतागुंतीचं फिरणं घेतलं, ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलतं. (एखादं पुस्तक आधी पुढे आणि मग उजवीकडे पाव वळण फिरवा, मग उलट क्रमाने करा. दोन्ही वेळा ते वेगळंच पडलेलं दिसेल.) आज अणुगर्भातल्या दोन्ही बलांचं, प्रबल आणि क्षीण, आपलं सगळं आकलन यातून निघालेल्या यांग-मिल्स समीकरणांवर उभं आहे. पण आपण लिहितोय ती फायबर बंडलची वक्रता आहे, हे तेव्हा यांगना माहीत नव्हतं. ते कळायला वीस वर्षं गेली. पुढे ते न्यूयॉर्कजवळ स्टोनी ब्रुकला होते, तिथल्या गणित विभागाचे प्रमुख होते जिम सायमन्स. सायमन्सनी भौतिकशास्त्रज्ञांना बंडलवर व्याख्यानं दिली, आणि १९७५ मध्ये वू आणि यांग यांनी एका शोधनिबंधात चक्क एक शब्दकोश छापला. एका रकान्यात भौतिकशास्त्राचे शब्द, दुसऱ्यात गणिताचे: गेज पोटेन्शियल म्हणजे कनेक्शन, फील्ड स्ट्रेंग्थ म्हणजे वक्रता, असा.

त्याच वर्षी यांग गाडी काढून कॅलिफोर्नियात चर्न यांच्या घरी गेले. हे तेच चर्न, ज्यांच्या वर्गात कुनमिंगमध्ये, युद्धाच्या दिवसांत, यांग विद्यार्थी म्हणून बसले होते. म्हणजे जे हवं होतं ते शिकवू शकणारे सर समोर होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. यांग म्हणाले की तुम्ही गणितज्ञ ह्या कल्पना शून्यातून स्वप्नात पाहाव्यात तशा काढता आणि त्या निसर्गात सापडतात, याचा मला अचंबा वाटतो. चर्न यांनी ते मान्य केलं नाही. त्यांचं म्हणणं, या कल्पना स्वप्नातल्या नव्हेत, त्या स्वाभाविक आणि खऱ्या आहेत. मी स्वतः चर्न यांच्या बाजूचा आहे.

त्या शब्दकोशात एका ओळीसमोर मात्र प्रश्नचिन्ह होतं. भौतिकशास्त्रात विद्युतभारासारखा 'स्रोत' असतो. त्याला गणितात जोडीदार शब्दच नव्हता. गणितज्ञ सिंगर तो निबंध घेऊन ऑक्सफर्डला गेले, तिथले गणितज्ञ अतिया आणि मंडळी यांग-मिल्स समीकरणांच्या मागे लागली, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अतियांचा तरुण विद्यार्थी सायमन डोनाल्डसन याने त्यांच्यातून शुद्ध भूमितीतलं असं काही काढलं जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. एक, दोन, तीन, पाच, सहा, कितीही मितींची साधी सपाट जागा घ्या, तिच्यावर कलनशास्त्र करण्याची रचना मुळात एकच असते. अपवाद फक्त चार मितींचा. तिथे अशा रचना अगणित आहेत. (डोनाल्डसनचं काम फ्रीडमन या गणितज्ञाच्या कामाशी जोडल्यावर अशा वेगळ्या रचना असतात हे कळलं, त्या अगणित आहेत हे पुढे टाउब्स यांनी दाखवलं.) नेमक्या चार, म्हणजे आपल्या अवकाशकाळाच्या जेवढ्या मिती, तेवढ्याच. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्याचा भौतिक अर्थ काय असेल ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही. पण प्रमेय पक्कं आहे, आणि डोनाल्डसनच्या हातातलं हत्यार भौतिकशास्त्रातून आलेलं होतं.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. नरसिंहन आणि शेषाद्री हे दोघं १९५३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विद्यार्थी म्हणून आले. १९६५ मध्ये दोघांनी एक प्रमेय सिद्ध केलं. दोन-तीन भोकांच्या मेदूवड्यासारखा पृष्ठभाग डोळ्यांसमोर आणा. त्यावर बीजगणिताच्या वाटेने बंडल बांधता येतात, त्यांतले काही 'स्थिर' असतात. दुसऱ्या वाटेने, भोकांभोवती फिरणाऱ्या प्रत्येक फेरीला एकेक फिरवणं नेमून देता येतं. नरसिंहन-शेषाद्री म्हणाले, या दोन याद्या एकच आहेत: ज्याचे तुकडे पडत नाहीत असं प्रत्येक नेमून देणं म्हणजे एक स्थिर बंडल, आणि उलटही. (बंडलचा एक अंक शून्य असावा लागतो, ती अट इथे सोडून देतो.) सगळं शुद्ध गणित, भौतिकशास्त्राचा वारासुद्धा नाही. अठरा वर्षांनी, १९८३ मध्ये, अतिया आणि बॉट यांनी दाखवलं की दुसरी यादी म्हणजे त्या पृष्ठभागावर यांग-मिल्सची ऊर्जा जिथे कमीत कमी होते ती कनेक्शन्स. त्याच वर्षी डोनाल्डसनने मूळ प्रमेयाची नवी सिद्धता दिली, तीही याच दृष्टीने. कुलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी सिद्ध झालेलं प्रमेय न सांगता गेज सिद्धान्ताबद्दल, म्हणजे यांग-मिल्सच्या जगाबद्दल, बोलत होतं! आपल्याकडे या दोघांची नावं घराघरांत नाहीत, ती असायला हवीत.

आता उलटा प्रवास. पाचव्या घाताच्या समीकरणाने तयार होणारा तीन मितींचा एक प्रसिद्ध आकार आहे. त्यावर किती सरळ रेषा बसतात? २,८७५, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत. द्विघाती वक्र किती? ६,०९,२५०, हे १९८६ मध्ये काट्झ यांनी काढलं. पुढचा आकडा, त्रिघाती वक्रांचा, काढायला नॉर्वेच्या एलिंग्सरूड आणि स्ट्रोम यांनी संगणकाला जुंपलं आणि उत्तर आलं २६८,२५,४९,४२५. इकडे कँडेलास आणि तीन सहकारी, सगळे स्ट्रिंग थिअरीवाले (मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तारा असं मानणारा भौतिकशास्त्रातला सिद्धान्त), 'आरशातला' दुसरा आकार घेऊन त्याच्यावर हिशेब करत होते. त्यांचं उत्तर ३१,७२,०६,३७५. शिवाय पुढच्या सगळ्या घातांची उत्तरंही एकाच सूत्रातून. सिद्धता मात्र नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात बर्कलीत दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि बऱ्याच गणितज्ञांना साहजिकच सिद्धतेच्या बाजूचा आकडा खरा वाटला. काही आठवड्यांनी नॉर्वेच्या जोडीला आपल्याच प्रोग्राममध्ये चूक सापडली. दुरुस्त केल्यावर आकडा आला ३१,७२,०६,३७५. त्या सूत्राची गणिती सिद्धता १९९६-९७ मध्ये, गिव्हेन्टाल आणि लियान-लिऊ-याऊ यांच्या कामातून आली.

इथे एक सावधगिरी हवी. स्ट्रिंग थिअरीने गणिताला अचूक आकडे दिले म्हणून जग स्ट्रिंगचं बनलेलं आहे, असं ठरत नाही. ते ठरवायला प्रयोगच लागेल, आणि तसा प्रयोग अजून झालेला नाही. गणितातलं यश पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांचं मला पटत नाही.

आणि सगळ्यात मोठं कोडं अजून उघडंच आहे. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णाचं (तो केवढा चुंबक आहे त्याच्या मापाचं) गणित करून आलेला आकडा आणि प्रयोगशाळेत मोजलेला आकडा दशांश चिन्हापुढे दहा घरांपर्यंत तरी जुळतात. एवढं जुळणारं दुसरं काही विज्ञानात क्वचितच असेल. पण हा आकडा देणारा क्वांटम क्षेत्र सिद्धान्त चार मितींत गणिताच्या कसोटीला उतरेल असा अजून कुणी बांधून दाखवलेला नाही. यांग-मिल्सच्या बाबतीत हेच काम क्ले संस्थेने २००० मध्ये दहा लाख डॉलर्सच्या सात प्रश्नांत घातलं: सिद्धान्त अस्तित्वात आहे हे सिद्ध करा, आणि त्यातल्या सर्वात हलक्या कणालाही शून्याहून जास्त वस्तुमान असतं हेही. संगणकावर ते दिसतं, सिद्ध झालेलं नाही. चालू असलेलं यंत्र समोर आहे आणि ते का चालतं हे नीट मांडायला लागणारं गणितच अजून जन्मलेलं नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला: गणित घ्या किंवा भौतिकशास्त्र घ्या, पण दुसऱ्या विभागाचा डिफरेन्शियल जॉमेट्रीचा किंवा क्वांटमचा तास चुकवू नका, नावनोंदणी नसली तरी विचारून मागच्या बाकावर बसा. आणि आज रात्री तो चेंडू पुन्हा हातात घ्या. विषुववृत्तावरून पाव फेरीऐवजी अर्धी फेरी न्यायची. काडी किती अंशांनी फिरेल ते आधी कागदावर काढा, तिने वेढलेलं क्षेत्रफळ आधीच्या दुप्पट आहे एवढं लक्षात ठेवून, आणि मगच काडी सरकवा. उत्तर जुळलं की पृष्ठभागांच्या भूमितीचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडून गाउसच्या वक्रतेपासून सुरुवात करा. अडलात तर इथेच विचारा, मी उत्तर देईन.